आले

माझी धाकटी बहीण निकाहानंतर शौहरच्या नोकरीमुळे फ्रान्सला जायची होती. व्हिसा येईपर्यंत ती कौंडण्यपूरला अम्मीजवळ राहिली आणि एका जुन्या पुस्तकावरून फ्रेंच घोकू लागली. मी उर्दू माध्यमाच्या शाळेतला बी.एड. शिक्षक. उजळणी घेण्याचे काम साहजिकच माझ्या गळ्यात पडले.

सुरुवातीलाच 'जाणे' हे क्रियापद आले. फ्रेंचमध्ये त्याचा उच्चार होतो 'आले'. अम्मी तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "ये कैसी जबान है रे, जाने कू आले बोलते?"

पुढे घोळ वाढला. मी जातो म्हणजे 'वे', आम्ही जातो म्हणजे 'आलों', मी जाईन म्हणजे 'इरे'. बहीण वैतागली. मी म्हटले, "आपल्याकडे तरी काय? 'जातो' आणि 'गेलो' एकमेकांचे कोणी लागतात का? उर्दूतही 'जाना' आणि 'गया'."

मग कुठे जायचे, त्यावर पुढचा शब्द बदलतो. पॅरिसला जायचे तर 'आ', फ्रान्सला 'आं', जपानला 'ओ' आणि माणसाकडे जायचे तर 'शे'. तेव्हा मला माझा वर्ग आठवला. उर्दूत 'घर जाता हूँ', 'स्कूल जाता हूँ' म्हटले की झाले. म्हणून मुले मराठीत 'मी घर जातो' लिहितात. मराठीत मात्र घरी, शाळेत, अमरावतीला, मामूंकडे, असा प्रत्येक ठिकाणचा वेगळा प्रत्यय. इतकी वर्षे मी नुसती लाल शाई ओढत होतो. परकी भाषा स्वतः घोकल्यावर मुलांची अडचण कळली.

निघताना 'जाते' म्हणायचे नाही, ही अम्मीची सक्त ताकीद. "आती हूँ बोल." शेजारच्या मराठी घरांतही 'येते' असेच म्हणतात. वर्धा नदीकाठचे आमचे गाव रुक्मिणीचे माहेर मानले जाते. दरवर्षी तिची पालखी इथून पायी पंढरपूरला जाते आणि परत येते. माहेर सोडून जाणारी लेक इथे नवी नाही. बहीण उंबरठ्यावर थांबली आणि म्हणाली, "अम्मी, आले." अम्मी रडता रडता हसली.

गेल्या हिवाळ्यात अम्मीचा इंतकाल झाला. असरनंतर दफन झाले. बहीण तिसऱ्या दिवशी पोचली. कोणाशी न बोलता ती अम्मीच्या खोलीत गेली, रिकाम्या पलंगावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "अम्मी, आले."

ती कोणत्या भाषेत बोलली, ते मी विचारले नाही.

आता एखाद्या वहीत 'मी घर जातो' दिसले की मी शेजारी 'घरी' असे लिहून देतो. गुण कापत नाही.