पाणी गाळता गाळता इंग्रजी



राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आहे, तरी बोलायची वेळ आली की मुलं गप्प होतात. इतवारीतल्या माझ्या वर्गात मी पुस्तक बाजूला ठेवते आणि कळशी, पाणी नि गाळायचं दुहेरी कापड पुढे घेते. ‘फोल्ड द क्लॉथ’, ‘पोअर स्लोली’ असं मी सांगायचं, मुलांनी नुसतं करायचं. बोलायची सक्ती नाही. आधी ऐकून करायचं, मग बोलायचं, ही रीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी मांडली. आपली तान्ही बाळंही अशीच शिकतात.

महिनाभर मुकी बसलेली एक मुलगी या खेळाच्या चौथ्या दिवशी एका धसमुसळ्या मुलावर ओरडली, ‘स्लोली! जीव आहेत त्यात!’ निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. मी सुधारलं नाही.

घरी रोज तीनच वाक्यं घ्या, चुका मोजू नका.