नाशिकच्या वाड्यांतील फिरंग

गेल्या नवरात्रांत आम्ही सहकुटुंब नाशिकास गेलों होतों. रामकुंडावरील स्नान व काळारामाचें दर्शन आटोपून, सरकारवाड्यावरून सराफ बाजाराच्या गर्दींतून वाट काढीत एका स्नेह्यांच्या जुन्या वाड्यांत उतरलों. दुसऱ्या दिवशीं खंडेनवमी होती. देवघरापुढील पाटावर विळी, कात्री आणि मुलांचा संगणक यांच्या शेजारीं एक लांब, सरळ तलवार मांडलेली होती.

"ही स्कॉटिश तलवार," यजमान म्हणाले, "आमच्या पणजोबांस कोणा गोऱ्या अधिकाऱ्यानें दिलेली." मुंबईच्या एका गिऱ्हाइकानें ती मागितली होती, आणि घरांत वाटण्या व्हावयाच्या असल्यानें धाकट्या बंधूंचा कल विकण्याकडे होता.

आम्हांस जुन्या शस्त्रांचा थोडासा नाद आहे. मातोश्रींची परवानगी घेऊन आम्हीं ती हातीं घेतली. पात्यावर रोमन अक्षरें होतीं. तीं 'आंद्रेआ फेरारा' अशीं लागलीं. तेव्हां यजमानांचा समज अगदींच निराधार नव्हता. हा फेरारा सोळाव्या शतकांत उत्तर इटलींतील बेलुनो येथें तलवारी घडवीत असे. स्कॉटलंडांत त्याच्या नांवाचा एवढा बोलबाला झाला कीं, जर्मनींतील सोलिंगेनचे कारागीर आपल्या पात्यांवर तेंच नांव बेधडक कोरूं लागले. (खोट्या छापाचा धंदा आजचा नव्हे!) १७४६ सालीं कलोडनच्या रणांत लढलेल्या डोंगरी स्कॉट लोकांच्या तलवारींतही अशीं जर्मन पातीं होतीं.

परंतु यूरोपांतील पातीं गलबतांतून आपल्याही किनाऱ्यास येत. त्यांस इकडील मूठ बसविली कीं झाली 'फिरंग'. म्हणून पारख करावी ती मुठीवरून. स्कॉटिश मूठ म्हणजे लोखंडी जाळीचा पिंजराच. सारा पंजा आंत झांकून जातो. या तलवारीस बोटांपुढें रुंद परज होती आणि मुठीच्या शेंड्यास लांब गज. दोन हातांनीं वार करावयाचा झाल्यास दुसरा हात त्या गजावर येतो. घाट मुल्हेरी, आणि मुल्हेर तर नाशिक जिल्ह्यांतच, बागलाणांत!

२३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या लढाईंत शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्लीच्या ७४ व ७८ क्रमांकाच्या हायलंडर पलटणी उभ्या होत्या. त्या दिवशीं सोलिंगेनचीं पातीं दोन्ही बाजूंस असणें अशक्य नव्हे.

"म्हणजे किंमत उतरली म्हणावयाची," धाकटे बंधू जरा खट्टू होऊन म्हणाले. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार अशीच, यूरोपीय पात्याची व मुल्हेरी घाटाची. २०२५ सालीं ती लंडनच्या लिलावांतून परत आणण्यास महाराष्ट्र सरकारास सुमारें ४७ लाख रुपये मोजावे लागले. शिवाय १९७२ च्या कायद्यान्वयें शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु सरकारी परवानगीवांचून देशाबाहेर नेतां येत नाहीं. गिऱ्हाइकाचा हेतु आधीं विचारून घ्यावा.

मातोश्री इतका वेळ गप्प होत्या. "आम्ही दर वर्षीं हिला राखेनें घासतों," त्या म्हणाल्या. आम्हीं दचकलोंच! घांसून घांसून शेवटचीं दोन अक्षरें निम्मीं गेलीं होतीं. राख नको, ओलें कुंकूही नको, कोरड्या फडक्यानें पुसून हलकासा तेलाचा हात द्यावा, असें आम्हीं विनविलें.

त्यांनीं कुंकवाचें बोट पात्याऐवजीं पाटावर टेकविलें. वाटण्यांचें दिवाळीनंतर पाहूं, असें यजमान म्हणाले.