दोन दोऱ्या आणि माझं एक वाक्य

गेल्या शनिवारी फ्रेशर्सच्या इंटरव्ह्यू पॅनलवर होतो. माझं कोडं ठरलेलं. दोन दोऱ्या, प्रत्येक जळायला बरोबर एक तास, पण कुठे भराभर तर कुठे हळू जळणाऱ्या. ४५ मिनिटं मोजून दाखवा.

आधीच्या दोन मुलांना नुसतं कोडं घातलं. मग एक मुलगी आली. जरा घाबरलेली वाटली, म्हणून म्हटलं, "टेन्शन घेऊ नका, बऱ्याच मुलींना हे जमत नाही." धीर द्यायला हो! तिने पहिली दोरी दोन्ही टोकांना पेटवली आणि तिथेच अडकली. दोनदा "सॉरी सर" म्हणाली. मी फॉर्मवर 'लॉजिक कच्चं' लिहून मोकळा.

घरी ताईला सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "मुलांना तू एक प्रश्न घातलास, तिला दोन."

रात्री वाचत बसलो. स्पेन्सर, स्टील आणि क्विन यांनी १९९९ साली छापलेला अमेरिकेतला प्रयोग सापडला. गणितात चांगल्या असलेल्या कॉलेजच्या मुलामुलींना अवघड पेपर दिला. 'यात मुलं-मुली असा फरक दिसतो' असं सांगितल्यावर मुली मागे पडल्या. 'फरक दिसत नाही' म्हटल्यावर बरोबरीत आल्या. २००३ साली श्मेडर आणि जॉन्स यांनी दाखवलं की अशा वेळी वर्किंग मेमरी कमी पडते. आपल्या भाषेत, रॅम तेवढीच, पण मागे एक नको ती प्रोसेस चालू.

आता दुसरी बाजूही सांगतो. २०१८ साली नेदरलंड्समध्ये दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलामुलींवर असाच प्रयोग झाला, त्यात हा परिणाम दिसला नाही. म्हणजे ती माझ्या वाक्यामुळेच अडकली, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. कदाचित तिला ते कोडं तसंही सुटलं नसतं.

पण मुद्दा असा, की हे आता मला कधीच कळणार नाही. इनपुट वेगळं दिलं आणि आउटपुटची तुलना केली. असा टेस्ट रिपोर्ट ज्युनियरने आणला असता तर मी परत पाठवला असता. इथे मात्र एका मुलीची नोकरी होती.

सोमवारी एचआरला मेल टाकला: चूक माझी, तिला दुसऱ्या पॅनलसमोर बोलवा. अजून उत्तर नाही.

उद्या परत पॅनल आहे. कोडं घालीन आणि गप्प बसेन.