पाणचक्की ते खुलताबाद

छत्रपती संभाजीनगरात येणाऱ्या शाळा-कॉलेजांच्या सहलींचा बेत ठरलेला असतो. मकबरा, पाणचक्की, दौलताबादचा किल्ला, वेरूळ आणि वेळ उरलाच तर घृष्णेश्वराचं दर्शन. एम.ए. मराठीची मुलं घेऊन निघालो तेव्हा मी रस्ता तोच ठेवला, बघायच्या गोष्टी मात्र बदलल्या. शहरापासून खुलताबादपर्यंतच्या पंचवीसेक किलोमीटरांत मराठी, संस्कृत, फारसी, उर्दू आणि अरबी अशा पाच भाषांत लेखन झालं आहे. आमच्या अभ्यासक्रमात त्यातली एकच येते. बाकीच्या चौघींशी मुलांची निदान तोंडओळख तरी व्हावी, असं फार दिवस मनात होतं.

पाणचक्कीवर सगळे आधी हौदाकडे धावले. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथवर येतं, भिंतीच्या उंचीवर चढतं आणि तिथून धारेनं हौदात पडतं. याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं, आणि बाबा शाह मुसाफिरांच्या तकियात उतरणाऱ्या फकीर-वाटसरूंसाठी पीठ निघायचं. अठराव्या शतकात या तकियात गुलाम अली आझाद बिलग्रामी राहायचे. अवधमधल्या बिलग्रामचे, मक्का-मदिनेची यात्रा करून आलेले, ते इथे आले आणि इथलेच झाले. आपल्या काव्यशास्त्रातला नायिकाभेद अरबी वाचकाला समजावून सांगणारा ग्रंथ त्यांनी अरबीत लिहिला.

त्यांचा एक शिष्य होता लछमी नारायण ‘शफीक’. जन्म 1745, याच शहरातला. उर्दू कवींची चरित्रं सांगणारा ‘चमनिस्तान-ए-शोअरा’ त्यानं विशीच्या आत पुरा केला. 1928 साली तो ग्रंथ अंजुमन तरक्की-ए-उर्दूनं याच शहरातून छापला. पुढे शफीकनं मराठ्यांचा इतिहास फारसीत लिहिला, ‘बिसात-उल-गनाइम’. मुलांना त्याचं वय सांगितलं तेव्हा हौदाभोवतीची गडबड जरा कमी झाली. ‘आमच्याहून लहान?’ एकीनं विचारलं. हो, तुमच्याहून लहान.

पाणचक्कीपासून नागसेनवन हाकेच्या अंतरावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज इथे 1950 मध्ये सुरू झालं. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे, आणि उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. अशा मुलखात दलितांच्या मुलांना वसतिगृह, ग्रंथालय आणि पदवीचं शिक्षण दारात मिळालं. राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरं देतो, त्या पाली ग्रंथावरून बाबासाहेबांनी कॉलेजला नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं. पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून ‘अस्मितादर्श’ चालवलं. आज दलित साहित्य म्हणून जे शिकवलं जातं, त्यातल्या कितीतरी लेखकांना पहिली जागा या नियतकालिकानं दिली. मराठीच्या विद्यार्थ्यानं संभाजीनगरात येऊन नागसेनवन न बघता परत जाणं मला पटत नाही.

देवगिरीवर, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, मात्र आम्ही सगळ्यात जास्त रमलो. तोफा, खंदक, अंधारी हे सगळं बघून झालंच, त्याशिवाय जमतं कुठे! पण शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो इथल्याच यादव राजांच्या आश्रयाला, सिंघणाच्या काळात, हे बहुतेकांना नवीन होतं. कवी नरेंद्राची गोष्ट मी मुद्दाम चढणीवर, दम खायला बसल्यावर सांगितली. 1292 च्या सुमाराचं त्याचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ रामदेवरायाला इतकं आवडलं, की ओवीमागे सोनं देतो, पण ग्रंथावर नाव माझं घाल, असं राजा म्हणाला. नरेंद्रानं साफ नकार दिला आणि तो महानुभाव पंथात निघून गेला. महानुभावांनी जपलेली ही आठवण. ज्या दरबारात ती घडली त्याचे अवशेष पायाखाली असताना ती ऐकावी.

वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे. निजामशाहीचा हा किल्लेदार दत्तभक्त, आणि पैठणहून चालत आलेला पोरगेला एकनाथ त्याच्याकडे हिशेबाला बसला. एका पैची चूक शोधण्यात रात्र घालवलेल्या नाथांची गोष्ट सगळ्यांना पाठ होती, म्हणून मी गप्प बसलो आणि त्यांनीच एकमेकांना सांगितली.

घाट चढला की कागजीपुरा. नाव वाचून पुढे जायचं हे गाव नव्हे. इथल्या कागद करणाऱ्यांची परंपरा महंमद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली त्या काळापर्यंत नेऊन सांगतात. पेशवाईच्या कागदपत्रांत दौलताबादी कागदाचं नाव येतं. कारागीर लगदा कालवलेल्या पाण्यात साचा बुडवतो, आडवा धरून वर उचलतो, एक हलका हिसका देतो, आणि पाणी निथळलं की जाळीवर सायीसारखा पातळ थर उरतो. तो वाळवायचा, खळ लावायची, घोटायचा, मग बोरू चालायचा. पोथ्यांच्या प्रती आणि पाठभेद परीक्षेपुरते लिहिणाऱ्या मुलांनी तो ओला ताव बोटानं चाचपून पाहिला.

खुलताबादला गर्दी औरंगजेबाच्या कबरीकडे असते. आम्ही गेलो अमीर हसन सिज्झीकडे. अमीर खुसरोचा हा मित्र, निजामुद्दीन औलियांचा शिष्य, तुघलकाच्या राजधानीबरोबर दिल्लीहून इकडे आला आणि इथेच गेला. 1308 पासून गुरूंची बोलणी तारखेवार टिपून त्यानं ‘फवाइद-उल-फुआद’ केला. म्हाइंभटानं चक्रधरांच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या त्या साधारण 1278 मध्ये. म्हणजे उण्यापुऱ्या तीस वर्षांच्या अंतरानं दोन शिष्य, दोन भाषांत, एकच काम करत होते: गुरू काय बोलले, कुठे, कुणाशी, ते साध्या गद्यात उतरवून ठेवणं. आझाद बिलग्रामींची कबरही हसनच्या शेजारीच.

तिथेच बीडकडच्या एका मुलानं प्रश्न काढला. ‘सर, हा हसन अलाउद्दीन खिलजीच्या दरबारात होता ना? अलाउद्दीननं 1296 ला देवगिरी लुटली. त्याची स्तुती करणाऱ्या कवीकडे आपण का आलोय? नरेंद्रानं तर आपल्याच राजाला नकार दिला.’

प्रश्न रास्त होता. हसननं अलाउद्दीनवर कसीदे लिहिले, हे खरंच. पण लोकांनी सातशे वर्षं उराशी धरलं ते त्याचे कसीदे नव्हेत, गुरूजवळ बसून टिपलेली ती साधी वही, आणि आपण आलो ते त्या वहीसाठी, असं मी म्हणालो. त्याला ते पुरेसं वाटलं नाही. बसमध्ये दोन तट पडले. कवीला त्याच्या आश्रयदात्यासकट वाचायचं की वगळून, यावर वेरूळपर्यंत कुणी खिडकीबाहेर बघितलं नाही.

हा वाद पुढच्या सहलीत पैठणला, नाथांच्या वाड्यात बसून पुढे न्यायचा, आणि येताना एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ प्रत्येकानं वाचून यायचं, असं मी लेण्यांच्या फाटकापाशी उतरता उतरता सांगून टाकलं.