सुभेदारांची शाळा

इंदूरहून महू तासाभराच्या वाटेवर. १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरशाहीचा कणा मोडला आणि इंग्रजांनी इथे छावणी वसवली. त्याच छावणीतल्या लष्करी शाळेचे हेडमास्तर सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. बाहेरच्या गावांत ज्यांना शाळेची पायरी चढणं कठीण, ती लेकरं इथे पाटी घेऊन बसत. १४ एप्रिल १८९१ रोजी रामजींचं चौदावं अपत्य जन्मलं: भीमराव.

१८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त होऊन दापोलीला आले. छावणीत हुद्द्याला सलाम मिळे. वेशीबाहेर माणसाआधी त्याची जात पोचे. त्यातच रामजींच्या जातीची, महारांची, लष्करभरती बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, पण तो दरवाजा पहिल्या महायुद्धात थोडा किलकिला झाला, एवढंच. पुरता उघडला १९४१ मध्ये, बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा. आणि त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत रामजींचाच मुलगा होता.

दापोलीनंतर साताऱ्याला बिऱ्हाड असताना रामजी गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. १९०१ च्या उन्हाळ्यात मुलं त्यांना भेटायला निघाली. अंगात नवे कोट, डोक्यावर जरीच्या टोप्या. मसूर स्टेशनवर घ्यायला कोणी नव्हतं. निरोप पोचलाच नव्हता. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाड्यावर एक गाडीवान कबूल झाला, तोही एका अटीवर: गाडी मुलांनी हाकायची, तो पायी येणार. शिदोरी भरपूर होती, पण पाणी कोणी देईना. सुभेदाराची मुलं रात्रभर उपाशी राहिली.



पुढे मुंबई. परळच्या चाळीत एकच खोली. त्यातच जातं, शेळी, सगळा संसार. भीमाला लवकर झोपवून रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच जागेवर आडवे होत. पलटण सुटली होती, पहाऱ्याची सवय सुटली नव्हती. मुलाला पुस्तक हवं असलं की ते लग्न झालेल्या लेकींकडे जात, एखादा दागिना मागून गहाण ठेवत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देत. पुस्तकं मात्र घरीच राहत.