१५२२ फुटांच्या वर

जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाकाठच्या माणसाला धरणात पाणी किती म्हणून विचारलं, तर तो फुटांत सांगतो. १५२२ फूट म्हणजे धरण भरलं. इथं पक्षी बघायला पाऊलवाट आखायची असली की मी आधी हीच रेषा नकाशावर गिरवतो आणि वाट तिच्या वरच ठेवतो.

गावकऱ्यांना हे पटवणं जड जातं. वाट पाण्याकडेनं नको तर कशाला हवी, असं ते म्हणतात. पण हे धरण परातीसारखं पसरट. पातळी चार-दोन फूट उतरली की पाणी कुठल्या कुठं सरकतं. जानेवारीत पाण्यालगत आखलेली वाट उन्हाळ्यात गाळपेरीच्या पिकातून जाणार आणि धरण भरलं की बुडणार. शिवाय काळी माती! पावसात पायाला मणभर चिकटते, उन्हात भेगाळते. म्हणून मुख्य वाट मुरमाड उंचवट्यावरून, गुरांच्या जुन्या पायवाटेनंच न्यायची. पाण्याकडे आखूड फाटे तेवढे काढायचे, तेही दरसाल नव्यानं.

गौताळ्याच्या रानात काम सोपं असतं. निदान पानगळ होईपर्यंत झाडं माणसाला झाकतात. इथं आडोसा म्हणजे थोड्या बाभळी आणि बेशरमाची झुडपं. उघड्या काठावर उभा राहिलेला माणूस पट्टकदंबाला फार लांबून दिसतो. जाळं घेऊन रोज जाणारा भोई पक्षी सोसतात, थांबून बोट दाखवणारा सोसत नाहीत. त्यामुळे फाट्याच्या टोकाला तुराट्यांचा कूड घालायचा. त्यात दोन उंचींवर फटी ठेवायच्या, एक मोठ्यांसाठी, एक पोरांसाठी. खालची फट विसरली की पोरं कुडाला वळसा घालून पुढं जातात आणि थवा उठतो. सकाळी बघायचं असेल तर कूड पूर्वेच्या काठावर हवा, म्हणजे ऊन पाठीवर येतं. सिमेंटचा मनोरा मागणारे पुष्कळ भेटतात. मी नाही म्हणतो. पाणी सरकलं की तुराट्या उपटून पुढं नेता येतात, मनोरा नेता येत नाही.

कायद्याची गंमत बघा. २०१७च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी, पिण्यासाठी बांधलेले जलाशय पाणथळ धरलेलेच नाहीत. नाथसागराला आधार आहे तो १९८६ साली जाहीर झालेल्या पक्षी अभयारण्याचा. म्हणजे वाटेची पहिली पायरी वनविभागाच्या दारात.

उन्हाळ्यात फाटे बंद. पाणी उतरून उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात, काठावर टिटव्या. अंडी मातीच्याच रंगाची. पाय पडल्यावरच कळतं. आणि नेमकं याच दिवसांत लोकांना त्या मोकळ्या जमिनीवर फिरावंसं वाटतं.

तेव्हा यायचं तर डिसेंबर-जानेवारीत या, परवानगी घेऊन या, आणि कुडाच्या अलीकडेच थांबा.