तपकिरी कणांची पारख

फिनलंडचे वैद्य एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ साली ऑलंड बेटांवरील एका कुटुंबातल्या आनुवंशिक रक्तस्रावाचे वर्णन केले, आणि ज्या प्रथिनाच्या उणिवेमुळे तो विकार होतो त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. हे प्रथिन जखमेच्या जागी रक्तबिंबिकांना धरून ठेवते. मात्र ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या, म्हणजे एंडोथेलियमच्या, पेशींत तयार होत असल्यामुळे गाठीतील अनोळखी पेशींचे मूळ शोधणाऱ्या विकृतिशास्त्रालाही त्याचा आधार वाटतो.

हे प्रथिन ऊतीत शोधण्यासाठी फॉर्मॅलिनमध्ये टिकवून पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या ऊतीचा ३ ते ४ मायक्रॉन जाडीचा काप स्लाइडवर घेतला, की फॉर्मॅलिनने प्रथिनांत घातलेले रासायनिक बंध उष्णतेने किंवा विकराने सैल करावे लागतात. त्यानंतरच प्रतिपिंड, म्हणजे नेमक्या त्याच प्रथिनाला जाऊन चिकटणारा रेणू, आपल्या जागी पोहोचतो आणि त्याला जोडलेल्या विकरामुळे तिथे तपकिरी रंग उमटतो. उत्तम स्लाइडवर केशवाहिनीच्या चपट्या पेशीत, निळ्या केंद्रकाच्या बाजूला, हा रंग बारीक कणाकणांनी दिसतो, कारण पेशी हे प्रथिन वायबेल आणि पालाडे यांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलेल्या लांबट पिंडांत साठवून ठेवते.

खरी कसोटी इथून पुढे लागते. हेच प्रथिन रक्तद्रवातही वाहत असल्याने रक्तस्राव झालेल्या किंवा मृत झालेल्या भागात ते आसपास झिरपते आणि ज्या पेशींनी ते कधी बनवलेच नाही त्याही तपकिरी दिसू लागतात. हा रंग कणीदार नसून सपाट, धुरकट असतो, आणि तो ओळखण्याची नजर कोणत्याही किटबरोबर मिळत नाही. रंग फिका आला म्हणून प्रतिपिंडाचे प्रमाण वाढवण्याचा मोह तर सर्वांत घातक, कारण त्याने कणांपेक्षा धुरकटपणाच अधिक गडद होतो. योग्य डायल्यूशन टॉन्सिलसारख्या परिचित ऊतीवर आधीच ठरवलेले असावे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उद्भवणारा कर्करोग फारच अपरिपक्व असेल, तर त्याच्या पेशी हे प्रथिन बनवणे बहुधा सोडून देतात, म्हणून सीडी३१ आणि ईआरजी या अस्तरपेशींतल्या इतर प्रथिनांचे प्रतिपिंडही सोबत वापरले जातात. गाठीत रंग नाही असे लिहिण्यापूर्वी त्याच कापाच्या कडेची निरोगी रक्तवाहिनी रंगली आहे का, हे पाहणे अनिवार्य ठरते. तीही कोरी असेल तर स्लाइड बाद करून नवा काप घ्यावा लागतो.